आधी हातात द्या, मग माफीचं बघू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. तुमचे अब्बा इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये कामगार होते, 2021 मध्ये वारले. मागे अम्मी, दोन भाऊ आणि तुम्ही दोघी बहिणी. मिलची थकलेली रक्कम आली, ती भावांनी वापरली. आता मालवा मिल भागातलं घर भावांच्या नावावर करायचं म्हणून हक्कत्यागाचा कागद तयार आहे आणि अम्मी म्हणते, ‘माफ कर, माहेर राहील.’ हिस्सा मागणं गुनाह आहे का, कोर्टात जाणं दीनच्या, म्हणजे धर्माच्या, विरुद्ध आहे का, हे तुम्हाला विचारायचंय. आणि कॉलेजात जाणारी तुमची मुलगी विचारते की मामाच्या निम्मंच का, हा कसला इन्साफ?

मी तीसहून जास्त वर्षं इंदूरच्या कोर्टात वारसाहक्काची प्रकरणं चालवतेय. माहेर मिरजेचं, सासर इंदूरचं. आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही, त्यामुळे फतवा मागू नका. पण या एका विषयात किताब आणि कागद दोन्ही बरेच वाचून झालेत.

गुनाहचं आधी बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. वारसाच्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, कशा उतरल्या याची एक हकीकत हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या, किताबांत आहे. साद बिन रबी उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. सादची बेवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली आणि म्हणाली की यांच्या चुलत्याने सगळं घेतलं, हातात काही नसताना यांची लग्नं कशी व्हायची? त्यानंतर आयत आली. पैगंबरांनी त्या चुलत्याला बोलावून सांगितलं की दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझं. आता बघा, या प्रसंगात फिर्याद कोणी केली? एका बाईने. कोणाविरुद्ध? दिराविरुद्ध. ‘घरातली गोष्ट घरात ठेव’ असं तिला कोणी सांगितलं नाही. तुम्ही ज्याला गुनाह समजून घाबरताय, त्याच तक्रारीतून हा कायदा जन्माला आला.

कुराणातल्या सूरह निसा या अध्यायाची सातवी आयत म्हणते की आईबापांनी आणि नातलगांनी मागे ठेवलं त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि बायकांचाही आहे, थोडं असो की फार, ठरवून दिलेला. ‘थोडं असो की फार’ हे मुद्दाम सांगते, कारण प्रत्येक भाऊ मला हेच ऐकवतो, ‘अहो मॅडम, आहेच काय, दोन खोल्या!’ दोन खोल्यांनाही आयत लागू आहे. त्याच सूरहच्या 135व्या आयतीत इन्साफावर ठाम उभं राहायला सांगितलंय, मग तो स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असला तरी. ही आयत आमच्याकडे मिलादच्या भाषणात जोरात ऐकू येते. वाटणीच्या बैठकीत मात्र कोणाला आठवत नाही.

आता ‘माफ कर’चं. हा शब्द आपल्याकडे फार गोड आवाजात उच्चारला जातो.

मी स्वतः सही केलेली आहे, म्हणून बोलण्याचा थोडा हक्क आहे. अब्बांच्या चाळीसाव्याला मिरजेला गेले होते. जेवणं आटोपली, दस्तरखान गुंडाळलं गेलं, पण बिर्याणीच्या डेगीचं झाकण अजून अंगणातच पडलेलं. मोठ्या भावाने स्टॅम्प पेपर पुढे केला. पेन अब्बांचाच होता, टोपणावर दातांच्या खुणा असलेला. आम्ही तिघी बहिणी ओळीने बसलो होतो. कागद न वाचता दोघींनी सह्या केल्या. मी वाचला, वकील म्हणून त्यातल्या दोन चुका मला दिसल्याही, आणि तरी सही केली. कारण आई माझ्याकडे बघत होती. अशिलांना मी रोज सांगते की दुःखात असताना कशावर सही करू नका, आणि मी चाळीसाव्या दिवशी केली. पुढे भावाशी बोलायचं बोलायचं म्हणून अकरा वर्षं गेली. आता तो नाही. त्याच्या मुलांकडे काय मागायचं?

तेव्हा मला जे कळायला हवं होतं ते असं. जी वस्तू हातात आलीच नाही ती माफ कशी करणार? मुफ्ती मंडळीही सांगतात की रिवाजापोटी, लाजेपोटी, नाराजीच्या भीतीने बहिणीने ‘माफ केलं’ म्हटलं तर त्याने भाऊ मोकळा होत नाही. मनापासूनची रजामंदी लागते, आणि ती खरी की नाही हे कळायचा एकच मार्ग आहे. हिस्सा मोजून तिच्या हातात द्या. मग तिने राजीखुशीने परत दिला तर तो तिचा दिलदारपणा. मी पाहिलंय की हातात आल्यावर काही बहिणी खरंच परत देतात. पण तसं करायला फार थोडे भाऊ तयार होतात, आणि ते का, ते तुम्हीच ओळखा.

हे फक्त आपल्यात आहे असं मानू नका. रामबागेतल्या एका मराठी ब्राह्मण घरातली बहीण माझ्याकडे आली होती. तेराव्याला साडीचोळी आणि हक्कसोडपत्र एकाच ताटात ठेवलेलं. हिंदू मुलीला 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं. कागदावर पुरी बरोबरी. हातात साडी. तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे येईन तेव्हा हे लक्षात ठेवा.

इथे कायद्यातला एक खड्डा सांगते, हे नीट वाचा. स्थावर मिळकत बक्षीस द्यायची तर इतरांना रजिस्ट्री लागते. मुस्लिमाचा हिबा, म्हणजे बक्षीस, मात्र तोंडीही चालतो, फक्त तीन गोष्टी पुऱ्या व्हाव्या लागतात: देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं. घर आधीच भावांच्या ताब्यात आहे. उद्या चार नातेवाईक कोर्टात उभे राहून म्हणाले की ‘इन्होंने हमारे सामने माफ़ किया था’, तर तुम्हाला ते खोडत बसावं लागेल. म्हणून कोणी कितीही रडलं तरी ‘ठीक आहे, माफ’ हे शब्द तोंडातून काढू नका. ‘विचार करून सांगते’ एवढंच म्हणा. व्हॉट्सॲपवरसुद्धा.

उलट बाजूने, अब्बा हयात असताना तुमच्याकडून काही लिहून घेतलं असेल तर त्याची फार धास्ती नको. आपल्या कायद्यात माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा वारसच नसतो, नुसती आशा असते, आणि आशा सोडून देता येत नाही. अपवाद एकच, त्या सहीच्या मोबदल्यात तुम्ही काही रक्कम घेतली असेल तर मात्र सुप्रीम कोर्टाचा 1973 चा निकाल तुमच्या आड येऊ शकतो. आणि भाऊ ‘अब्बांची वसीयत (मृत्युपत्र) आहे’ म्हणून कागद काढतील तर दोन गोष्टी आठवा. वसीयत एकतृतीयांशापुरतीच. आणि सुन्नी हनफी कायद्यात वारसाच्या नावची वसीयत बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय चालत नाही.

आता आकडे. तुमचे दादा-दादी हयात नाहीत असं धरते. आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती, आणि उरेल त्याची वाटणी. मुलं असल्यामुळे अम्मीला आठवा हिस्सा. उरलेल्या सात अष्टमांशाचे सहा भाग, त्यातले दोन-दोन भावांना, एक-एक बहिणींना. मी अशिलाला नेहमी 48 आणे सांगते, म्हणजे अपूर्णांकाची कटकट नाही: अम्मी 6, प्रत्येक भाऊ 14, प्रत्येक बहीण 7. घर 48 लाखांचं धरलं तर अम्मीचे 6 लाख, भावांचे 14-14, तुमचे 7-7. खरी किंमत काय ते कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे सरकारी दर, आणि शेजारच्या ताज्या रजिस्ट्रीवरून काढा. गाइडलाइन बाजारभावाच्या खाली असू शकते, त्यामुळे भाऊ तीच दाखवतील.

तुम्ही लिहिलंय की नगर निगममध्ये संपत्ती कराच्या खात्यावर भावांची नावं चढली, म्हणजे घर गेलं. नाही गेलं. नामांतरण कर वसुलीसाठी असतं, त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. एका वारसाचा ताबा हा सगळ्या वारसांच्या वतीने असल्याचं कायदा धरतो. पण ‘तुमचा काही संबंध नाही’ असं त्यांनी उघड सांगितलं की घड्याळ सुरू होतं आणि 12 वर्षांत ते तुमच्यावर उलटू शकतं. घाई नको, पण विसरूनही जाऊ नका. गावाकडे शेती असेल तर तीही सोडू नका. 1937 च्या शरीयत कायद्याने शेतजमीन वगळली होती आणि काही राज्यांत याच वाटेने मुलींचा हिस्सा बुडत आला, पण मध्य प्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत भूमीस्वामीचा वारसा वैयक्तिक कायद्यानेच जातो.

मिलच्या पैशांबद्दल. मिल 1992 मध्ये बंद पडली, कामगार तीसेक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले, आणि 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 4,800 कामगारांसाठी 224 कोटींच्या देण्याचा धनादेश निघाला. तोवर कितीतरी जण कबरीत किंवा स्मशानात गेले होते. तुमच्या अब्बांसारखेच. त्या दिवसांत माझ्या ऑफिसात शपथपत्रं करायला आलेल्या बायकांची रांग जिन्यापर्यंत असायची. पै-पै करून थकलेली मजुरी, तीही बापाच्या घामाची, आणि ती आल्यावर घराघरात भांडणं. ही रक्कम तरक्यात, म्हणजे मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतच धरायची, तीही 48 आण्यांतच वाटायची. एकाच्या खात्यात यावी म्हणून तुम्ही संमतीची सही दिली असेल, तर ती रक्कम उचलण्याची संमती आहे, हिस्सा सोडल्याची नव्हे. अर्थात कागदात नेमकं काय लिहिलंय ते बघावं लागेल, त्याची नक्कल मिळवा. बँकेतल्या नॉमिनीचंही तसंच. नॉमिनी म्हणजे रक्कम ताब्यात घेणारा हमाल. पेटी त्याच्या डोक्यावर असते, त्याच्या मालकीची नसते.

एका भावाने त्या पैशांतून ई-रिक्षा घेतली असं तुम्ही लिहिता, आणि तो खरोखर ओढगस्तीत आहे हेही लिहिता. मग त्याला विकायला लावू नका. फरायजमध्येच, म्हणजे वाटणीच्या शास्त्रातच, तखारुज नावाची वाट आहे: एखादा वारस ठरलेली रक्कम घेऊन बाजूला होतो. ती रक्कम हिश्श्यापेक्षा कमी असू शकते, हप्त्यांनी असू शकते, पण ठरवून, लिहून, राजीखुशीने. सात लाखांऐवजी चार ठरले तरी हरकत नाही. तो चाराचा आकडा तुमच्या तोंडून निघायला हवा.

कोर्टाचं. तुम्ही इंदूरच्या आहात, म्हणून एक जुनी गोष्ट. शाहबानो आपल्याच शहरातली. नवरा वकील, 1932 चं लग्न, 1975 मध्ये घराबाहेर, एप्रिल 1978 मध्ये कलम 125 खाली पोटगीचा अर्ज, नोव्हेंबरमध्ये तलाक. खालच्या कोर्टाने महिन्याला 25 रुपये बांधून दिले. पंचवीस. हायकोर्टाने 1980 मध्ये ते 179 रुपये 20 पैसे केले. एवढ्याशा रकमेविरुद्ध नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि 23 एप्रिल 1985 ला हरला. निकाल देणाऱ्या पाच न्यायमूर्तींचे प्रमुख आपले यशवंतराव चंद्रचूड. पुढचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे, तो निकाल फिरवू पाहणारा 1986 चा कायदा आणि बाकीचं. मला आठवतं ते वेगळंच: देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टात जिंकलेल्या त्या म्हाताऱ्या बाईवर इतका दबाव आला की हा निकाल मला नको, असं तिला जाहीर करावं लागलं. तेही एक प्रकारचं ‘माफ कर’च होतं. तिच्या बाजूने दीन होता की नव्हता यावर अजून वाद घालतात. तुमच्या बाबतीत तर वादाला जागाच नाही. कायदा आणि किताब इथे एकाच बाजूला उभे आहेत, आणि समोर आहे तो फक्त रिवाज. मोहल्ल्यातले मौलाना समजूत घालायला आले तर अदबीने ऐका, चहा द्या. त्यांचं मत हा सल्ला असतो, तो कोणावर बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय. आणि त्यांनाच विचारा ना की आमचा हिस्सा किती? खरा आलिम असेल तर तो 7 आणेच सांगेल.

आता मुलीचा प्रश्न. तिला गप्प करू नका, प्रश्न रास्त आहे.

पारंपरिक उत्तर तिला कोणीही देईल: भावावर घर चालवण्याची जबाबदारी, बहिणीची कमाई तिची एकटीची, मेहरही (लग्नात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम) तिचा, म्हणून हिशेब शेवटी बरोबरीला येतो. हे उत्तर खोटं नाही. पण ते एका अटीवर उभं आहे, आणि ती अट म्हणजे भाऊ जबाबदारी उचलतो. खजराण्यात माझी एक अशील आहे, शिलाई मशीनवर सात माणसांचं घर चालवते. त्यात तिचा धडधाकट भाऊही जेवतो. त्या भावाने वाटणीच्या वेळी मला कुराणातला दुप्पट हिस्सा ऐकवला. मी म्हटलं, दुप्पट घे, पण त्याच्या सोबतचं ओझंही उचल, अम्मीच्या औषधांपासून सुरू कर. तो उठून गेला. दुप्पट हिस्सा घ्यायचा आणि जबाबदारी बहिणीवर ठेवायची, याला मी तरी शरीयत म्हणत नाही.

यापुढे काही लोक म्हणतात की काळ बदलला, हिस्सेही समान करा. काही म्हणतात की आयत स्पष्ट आहे, हात लावू नका. माझा स्वतःचा कल विचाराल तर मला समान हिस्सा हवासा वाटतो, आणि नमाजही चुकत नाही. हे दोन्ही माझ्यात एकत्र राहतं, रोज सुखानं राहतं असं नाही. पण वकील म्हणून माझ्यापुढे येणारी भांडणं निम्मं की समान यावर नसतात. ती शून्यावर असतात. निम्मा हिस्सा नेऊन दिलेली बहीण मला इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी भेटली. मुलीला सांगा, आधी आईचे सात आणे वसूल होऊ देत, मग आपण बरोबरीचं भांडण करू.

आणि ज्यांना समान द्यायचंय त्यांचे हात बांधलेले नाहीत. हयातीत हिबा करून मुलामुलींना सारखं देता येतं. नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली तेव्हा पैगंबरांनी साक्षीदार व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये इन्साफ करायला सांगितलं, ही हदीस मशहूर आहे. दुसरी वाट 1954 च्या विशेष विवाह कायद्याची. त्याखाली लग्न नोंदवलं की वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जातो. केरळमधल्या एका मुस्लिम दांपत्याला तीन मुलीच. सुन्नी कायद्यात फक्त मुली असल्या तर त्यांना दोन तृतीयांश आणि बाकी चुलत्यांकडे जाऊ शकतं, म्हणून त्यांनी 8 मार्च 2023 ला याच कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. खूप गदारोळ झाला. शिया कायद्यात ही अडचणच नाही, मुली चुलत्यांना पुढे येऊ देत नाहीत. सियागंजातल्या शिया बोहरा व्यापाऱ्याची मुलगी आणि तुमची मुलगी एकाच वर्गात बसत असतील, दोघींचा हिशेब वेगळा. हेही तिला सांगा, म्हणजे ‘इस्लाम असं म्हणतो’ असं कोणी म्हणालं की ती ‘कोणाचा?’ असं विचारेल.

तर आता करायचं काय. हक्कत्यागावर सही नाही. भावांना पत्र लिहा, नोटीस नको, पत्र. मराठीत किंवा हिंदीत, एका पानाचं. त्यात 48 आणे मांडा, मिलची रक्कम मांडा, तखारुजची तयारी लिहा आणि महिन्याभरात बसून बोलू म्हणा. बोलणं घरी करा, पण बहिणीला एकटी सोडू नका. धाकटीने आधी सही केली तर तुमची बाजू लटकी पडते. बैठकीत भाऊ ओरडले तरी तुम्ही ओरडू नका. वाटणीच्या वेळी हजर असलेल्यांशी नीट बोला, हेही त्याच सूरहच्या आठव्या आयतीत आहे. बोलून नाहीच जमलं तर वाटणीचा दावा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आणि एक राहिलं. तुम्ही सगळ्यांचा हिशेब लिहिला, अम्मीचा नाही लिहिला. जी बाई तुम्हाला ‘माफ कर’ म्हणतेय, तिचे स्वतःचे 6 आणे आहेत हे तिला कोणी सांगितलं का? तिचा मेहर फिटला का? न दिलेला मेहर हे अब्बांवरचं कर्ज, ते वाटणीच्याही आधी येतं. कोर्टात दावा लावायची 3 वर्षांची मुदत टळली असेल, पण अल्लाहसमोर कर्जाला मुदत नसते आणि हे भावांनाही माहीत आहे. पत्र लिहायच्या आधी एक दुपार अम्मीजवळ बसा, भाऊ कामावर असताना. निकाहनामा पेटीत असेल तर काढायला सांगा, उर्दूत असेल तर वाचून घ्या. नसेल तर तिला तो आकडा विचारा. आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा.